दाढीनंतर चेहऱ्याला काय लावावे?



शेती आणि आरोग्याच्या पानावर दाढीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. भातावरचा करपा, उसाची लांबलेली तोड, खताचे भाव हे सोडून फादर लोशनच्या बाटल्यांविषयी का लिहीत बसले? पण थोडा विचार करावा. शेतकऱ्याचा चेहरा दिवसभर उन्हात असतो. त्यावर मळणीची धूळ बसते, भाताची कुसळे टोचतात, उसाचा पाला ओरखडे काढतो, फवारणीचे तुषार उडतात. आणि हाच चेहरा आठवड्यातून दोन-तीन वेळा पात्याखाली जातो. शनिवारी संध्याकाळी तर गावातल्या प्रत्येक सलूनमध्ये गर्दी असते, कारण दुसऱ्या दिवशी रविवारची मिस्सा असते. दाढी झाली की चेहऱ्यावर काहीतरी चोळले जाते. कोणी तुरटी फिरवतो, कोणी बाटलीतले लोशन थापतो, कोणी लिंबू पिळतो, तर कोणी औषधाच्या दुकानातून आणलेली ट्यूब लावतो. त्यातल्या काही वस्तू निरुपद्रवी आहेत, काही निरुपयोगी आहेत आणि एक तर चांगलीच घातक आहे. म्हणून हा लेख.

माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्याची कातडी नाजूक आहे त्याने दाढीनंतर असेच काही लावावे, जे झोंबत नाही, ज्याला वास नाही आणि जे एका रात्रीत चमत्कार करून दाखवीत नाही. या तीनपैकी तिसरी अट सर्वांत महत्त्वाची आहे. ती का, हे पुढे येईल.

पाते नुसते केस कापत नाही

आपल्या कातडीचा सर्वांत वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींचा एक पातळ पापुद्रा असतो. दिसायला तो क्षुल्लक, पण काम मोठे करतो. आतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे विष आत येऊ देत नाही. बांध फुटला की शेतातले पाणी वाहून जाते, तसा हा पापुद्रा खरवडला गेला की कातडी कोरडी पडते, ताणल्यासारखी होते आणि बाहेरून जे लागेल ते आत शिरते. दाढीचे पाते केसांबरोबर या पापुद्र्याचाही काही भाग खरवडून नेते. पाते बोथट असेल, कोरड्या गालावर फिरवले असेल किंवा केसांच्या उलट्या दिशेने दाबून ओढले असेल, तर नुकसान अधिक होते.

दुसरी गोष्ट सामूची. जमिनीला जसा सामू असतो, तसा कातडीलाही असतो. निरोगी कातडी किंचित आम्ल असते, तिचा सामू साधारण पाचच्या आसपास असतो. अंगाच्या साध्या साबणाचा सामू मात्र नऊ-दहापर्यंत जातो. अंगाच्या साबणाचाच फेस करून दाढी करण्याची आपल्याकडे पुष्कळांना सवय आहे. खरवडलेल्या कातडीवर हा क्षार बसतो आणि तो पुरता धुतला गेला नाही तर खाज सुटते. पुष्कळांना वाटते की आपल्याला लोशन मानवत नाही. खरे पाहता त्यांना साबण आणि बोथट पातेच मानवत नसते.

झोंबते म्हणजे जंतू मरतात काय?

आपल्यात एक समजूत खोल रुजली आहे, की झोंबते ते औषध लागू पडते. वडील मुलाला सांगतात, जरा आग होऊ दे, जंतू मरतात. ही समजूत मुळातून तपासून पाहिली पाहिजे.

बाटलीतून हातावर ओतून गालाला थापायच्या बऱ्याच लोशनांत मद्यार्काचे प्रमाण निम्मे किंवा त्याहूनही अधिक असते. ही पद्धत जुन्या काळातली आहे. एकच वस्तरा अनेकांच्या गालावरून फिरत असे आणि जखम चिघळली तर प्रतिजैविक औषधे नव्हती, त्या काळी मद्यार्क लावण्यात थोडाफार अर्थ होता. आज स्वतःच्या नव्या पात्याने, स्वच्छ पाण्याने दाढी करणाऱ्याला त्याची गरज उरलेली नाही.

मग आग का होते? कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारा एक संवेदक असतो. हाच संवेदक मिरचीतल्या तिखट द्रव्यानेही चेततो. म्हणून मिरची कुटताना हात भाजल्यासारखे होतात. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो शोधून काढला आणि २०२१ साली त्यांना आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. एरवी हा संवेदक सुमारे ४२ अंश सेल्सिअसला जागा होतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की मद्यार्काच्या सान्निध्यात तो सुमारे ३४ अंशालाच जागा होतो. आपल्या शरीराचे तापमान त्याहून अधिक असल्याने कातडी भाजत नसतानाही भाजल्याची भावना होते. म्हणजे ती आग जंतू मेल्याची खूण नाही. मज्जातंतू फसल्याची ती खूण आहे. मेन्थॉलचा गारवाही याच जातीचा. गाल थंड होत नाही, थंडी ओळखणारा संवेदक तेवढा चेतवला जातो.

ज्याची कातडी जाड आणि निबर आहे त्याला या आगीने फारसे बिघडत नाही. परंतु ज्याच्या गालावर दाढीनंतर लाल चट्टे उठतात, दुसऱ्या दिवशी कोंडा सुटतो किंवा मानेवर पुरळ येते, त्याने रोज मद्यार्क लावणे म्हणजे भेगाळलेल्या जमिनीला आणखी तापवण्यासारखे आहे. मद्यार्क उडून जाताना कातडीचा ओलावा आणि स्निग्धताही घेऊन जातो. शिवाय ही बाटली चुलीजवळ ठेवू नये आणि लोशन लावून लगेच काडी ओढू नये. पोरांच्या हाती तर ती लागूच देऊ नये.

तुरटीचा मान राखावा, पण जागेवर

"आमच्या वडिलांनी जन्मभर तुरटी लावली, त्यांना काही झाले नाही," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते खोटे बोलत नाहीत. तुरटी कातडी आवळते आणि रक्तातली प्रथिने गोठवते, म्हणून लहानसा काप लागला तर रक्त थांबते. स्वस्त आहे, वास नाही, मद्यार्क नाही. बाटलीतल्या कित्येक लोशनांपेक्षा मी तुरटीला वरची जागा देईन.

परंतु दोन अटींवर. पहिली अशी, की तुरटी कापलेल्या जागी लावावी आणि थोड्या वेळाने धुवून टाकावी. सगळ्या चेहऱ्यावर घासून तशीच वाळू दिली तर कातडी कोरडी पडते. दुसरी अट अधिक मोलाची आहे. तुरटीचा खडा स्वतःचा असावा. सलूनमध्ये एकच ओला खडा सकाळपासून रात्रीपर्यंत वीस-पंचवीस जणांच्या ताज्या कापांवरून फिरतो. कावीळ ब या रोगाचे विषाणू शरीराबाहेर कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस टिकू शकतात आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही पसरू शकतात. वस्तऱ्यातले पाते आपल्या डोळ्यांसमोर बदलून घ्यायला आता बहुतेक जण शिकले आहेत. तुरटीच्या खड्याकडे मात्र कोणी पाहत नाही. कागदात गुंडाळलेला आपला खडा खिशात घालून सलूनमध्ये जाण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. सलूनवालाही रागावणार नाही. तो आपला गाववालाच आहे आणि गिऱ्हाईक निरोगी राहिले तरच पुन्हा येईल.

लिंबाविषयी दोन शब्द. दाढीनंतर लिंबू चोळून उन्हात जाऊ नये. लिंबाच्या रसातली काही द्रव्ये उन्हाशी मिळून कातडी भाजल्यासारखी करतात, फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. जखमेसाठी असलेले जंतुनाशक द्रवही पाणी न घालता गालावर लावू नये. फरशी धुण्याची आणि चेहरा धुण्याची गरज एक नसते.

शेतकऱ्याची कातडी नाजूक कशी होते?

नाजूक कातडी म्हणजे शहरातल्या सावलीत वाढलेल्या माणसाची कातडी, असा एक गैरसमज आहे. पण शेतात राबणाऱ्याचीही कातडी नाजूक होते आणि कधी कधी ती फार वाईट रीतीने होते. काजूच्या टरफलातले तेल, बिब्ब्याचा रस, रासायनिक खताची धूळ यांपैकी प्रत्येक गोष्ट चेहऱ्याला इजा करू शकते. या सर्वांत मोठा शत्रू म्हणजे आपल्या बांधाबांधावर माजलेले गाजर गवत, ज्याला पुष्कळ जण काँग्रेस गवत म्हणतात.

अमेरिका खंडातून आलेले हे तण १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम लक्षात आले आणि तिथून देशभर पसरले. त्यात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. गवताचे वाळलेले सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर उडून उघड्या अंगावर बसतात आणि काही माणसांना त्याची कायमची वावडी जडते. पापण्या, गाल, मान, कोपराची आतली बाजू इथे खाज, लाली आणि जाड खरबरीत चट्टे येतात. मध्यम वयाच्या शेतकरी पुरुषांत हा रोग विशेष दिसतो. गवताच्या वाढीच्या दिवसांत तो भडकतो. काहींना पुढे ऊनसुद्धा सोसवत नाही. अशा माणसाला वाटते की हे दाढीमुळे झाले. तो पाते बदलतो, साबण बदलतो, लोशन बदलतो, पण रोग हटत नाही, कारण रोगाचे मूळ बांधावर डोलत असते.

ओळखण्याची एक साधी खूण सांगतो. केवळ दाढीचा त्रास असेल तर तो पाते फिरते तेवढ्याच भागात राहतो. पापण्या, कपाळ, कानामागची जागा किंवा कोपराच्या घड्याही खाजत असतील, तर दोष लोशनचा नसण्याचीच शक्यता जास्त. त्या माणसाने त्वचारोगाच्या डॉक्टरकडे जावे आणि आपण शेतकरी आहोत, गाजर गवतात वावरतो, हे आवर्जून सांगावे.

इथे आणखी एक धोका आहे, जो फारसा कोणी सांगत नाही. "वनस्पतिजन्य", "हर्बल" असे लिहिलेले लोशन सौम्यच असणार असे आपण धरून चालतो. परंतु अशा लोशनांत पुष्कळदा कॅमोमाइल, कॅलेंड्युला किंवा आर्निका यांचा अर्क असतो. या तिन्ही वनस्पती गाजर गवताच्याच कुळातल्या आहेत. शेवंती आणि सूर्यफूलही त्याच कुळातली. ज्याला गाजर गवताची वावडी आहे त्याला या भावंडांचाही त्रास होऊ शकतो. गवत नैसर्गिकच असते आणि बिब्बाही नैसर्गिकच असतो. तेव्हा नुसत्या "नैसर्गिक" या शब्दावर जाऊ नये.

ती घातक ट्यूब

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घरभेटीला जातो तेव्हा आरशाशेजारच्या कोनाड्यात मला वारंवार एक चेपलेली ट्यूब दिसते. विचारले तर उत्तर येते, "दाढीनंतर लावतो फादर, फार गुण आहे, एका रात्रीत लाली जाते." ट्यूब औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली असते किंवा शेजाऱ्याने दिलेली असते. नाव वाचावे तर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काहीतरी निघते. ही सर्व स्टिरॉइड जातीची औषधे आहेत.

स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. योग्य रोगात, योग्य ताकदीचे, योग्य तितकेच दिवस डॉक्टरने दिले तर ते मोठे उपकार करते. गाजर गवताच्या रोगातही डॉक्टर ते देतात. परंतु दाढीनंतरचे रोजचे क्रीम म्हणून ते लावणे म्हणजे बैलाला रोज दारू पाजून नांगराला जुंपण्यासारखे आहे. चार दिवस काम झपाट्याने होते आणि मग बैल बसतो. महिनोन्‌महिने लावल्यावर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, मुरमे उठतात, ऊन आणि पाणीसुद्धा झोंबू लागते. ट्यूब बंद केली की चेहरा पूर्वीपेक्षा अधिक लाल होतो. माणूस घाबरून पुन्हा तीच लावतो आणि त्या ट्यूबचा गुलाम होऊन बसतो.

हे माझे एकट्याचे निरीक्षण नव्हे. देशातल्या निरनिराळ्या शहरांतील त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण त्यांनी तपासले. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावीत होते आणि त्यातल्या ३९२ जणांना अपाय झालेला होता. १२६ जण ते औषध गोरेपणासाठी, रोजचे साधे क्रीम म्हणून किंवा दाढीनंतरचे म्हणून लावीत होते. जास्त तीव्र जातीची स्टिरॉइडे ग्रामीण आणि निमशहरी लोकांत अधिक वापरात होती, हेही त्या पाहणीत दिसले. म्हणजे बंधूंनो, हा आपलाच प्रश्न आहे.

चेहऱ्यावरच असे का होते? १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकन संशोधकांनी शरीराच्या निरनिराळ्या भागांवर तेवढेच स्टिरॉइड लावून किती आत शिरते ते मोजले. हाताच्या आतल्या बाजूला जेवढे शिरले, त्याच्या सुमारे तेरा पट जबड्यावर शिरले. जिथे दाढी उगवते तीच ही जागा. त्यात ती नुकतीच पात्याने खरवडलेली असली, तर बोलायलाच नको.

२०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम झाला तरी ट्यूब कोनाड्यातून गेल्या नाहीत. ओळखण्याची खूण सोपी आहे. चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधाच्या खोक्यावर लाल उभी रेघ असते. ज्या ट्यूबच्या खोक्यावर ही रेघ आहे ती दाढीनंतरची वस्तू नव्हे. परंतु जे पुष्कळ दिवसांपासून लावीत आहेत त्यांनी हा लेख वाचून एकदम ट्यूब फेकून देऊ नये. अचानक थांबवल्यास चेहरा भडकतो. ती ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरकडे जावे आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे सोडवावी.

मग घ्यावे काय?

ज्याला काहीच त्रास नाही त्याने स्वच्छ गार पाण्याने चेहरा नीट धुवावा, मऊ पंचाने टिपून घ्यावा, घासू नये, एवढे पुरे. दुकानदार हे सांगणार नाही, कारण पाणी विकून त्याचे पोट भरत नाही.

ज्याची कातडी कोरडी पडते, ताणते किंवा लाल होते त्याने चेहरा थोडा ओलसर असतानाच साधे, बिनवासाचे, बिनमद्यार्काचे मलईसारखे लोशन किंवा बाम पातळसा लावावा. लहान मुलांसाठी किंवा कोरड्या कातडीसाठी मिळणारे बिनवासाचे लोशनही चालते. त्यावर "पुरुषांसाठी" असे लिहिलेले नसले म्हणून काही बिघडत नाही. ग्लिसरीन स्वस्त पडते, पण ते पाण्यात पातळ करून ओल्या कातडीवर लावावे. पेट्रोलियम जेली रात्री लावायला उत्तम. दिवसा तिच्यावर धूळ चिकटते. खोबरेल तेल पुष्कळांना मानवते, परंतु ज्यांना मुरमे येतात त्यांची छिद्रे त्याने तुंबू शकतात. कोरफड लावायची तर साल काढल्यावर निघणारा पिवळा चीक आधी वाहू द्यावा आणि धुवावा, कारण तो झोंबतो. आतला स्वच्छ गरच घ्यावा.

बाटली विकत घेताना मागची घटकांची यादी वाचावी. इंग्रजी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्यावी. जे घटक जास्त ते यादीत आधी येतात. पहिल्या दोन-तीन नावांत "अल्कोहोल" किंवा "अल्कोहोल डिनॅट" दिसले तर बाटली परत ठेवावी. "सेटिल अल्कोहोल" किंवा "सेटिअरिल अल्कोहोल" दिसले तर घाबरू नये. ते मेणासारखे पदार्थ आहेत, झोंबत नाहीत. "फ्रॅग्रन्स" किंवा "परफ्यूम" हा शब्द असेल तर नाजूक कातडीने दूर राहावे, कारण त्या एका शब्दामागे अनेक सुगंधी रसायने दडलेली असतात. पुरुषांच्या लोशनांत पूर्वी मस्क अॅम्ब्रेट नावाचे एक सुगंधी द्रव्य घालीत. ते लावून उन्हात गेलेल्यांच्या चेहऱ्यावर रोग उठतो, हे १९७९ साली डॉक्टरांनी जाहीर केले आणि पुढे त्याचा वापर बंद पडत गेला. ज्याला सुगंध हवाच असेल त्याने तो सदऱ्याला लावावा, गालाला नव्हे.

खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवर फार भिस्त ठेवू नये. "हायपोअलर्जेनिक" हा शब्द वापरण्यापूर्वी कंपन्यांनी पुरावा द्यावा, असा नियम अमेरिकेच्या सरकारने १९७५ साली केला होता. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १९७७ साली तो नियम रद्द झाला. तेव्हा तो शब्द म्हणजे हमी नव्हे. "अनसेंटेड" म्हणजेही सुगंधी द्रव्य नाहीच असे नसते. कधी कधी मूळ वास झाकण्यासाठी दुसरे सुगंधी द्रव्य घातलेले असते. "फ्रॅग्रन्स-फ्री" लिहिलेले आणि यादीतही तो शब्द नसलेले असे पाहून घ्यावे.

आणि नवीन बियाणे आपण आधी थोड्या वाफ्यात पेरून पाहतो, तसेच नवीन लोशनही पाहावे. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात दिवस लावावे. लाली, खाज, पुरळ काही आले नाही तरच चेहऱ्याला लावावे.

दाढीची वेळ आणि रीत

लोशन कितीही चांगले असले तरी दाढीच चुकीची केली तर त्याचा उपयोग नाही. आंघोळीनंतर, केस कोमट पाण्याने मऊ झालेले असताना दाढी करावी. पाते केसांच्या दिशेने, न दाबता फिरवावे. पाच-सात दाढ्यांनंतर पाते बदलावे. पात्याचे चार पैसे वाचवून डॉक्टरला चारशे देण्यात शहाणपण नाही.

फवारणीच्या दिवशी सकाळी दाढी करू नये, हे मात्र प्रत्येकाने ध्यानात धरावे. १९७१ साली पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या प्रयोगात हाताच्या मानाने कपाळावर आणि जबड्यावर सुमारे चौपट विष आत शिरलेले आढळले होते, आणि तेही धड कातडीतून. नुकत्याच खरवडलेल्या गालाची गोष्ट त्याहून वाईट. फवारणी झाल्यावर आधी हात, मग सर्वांग साबणाने धुवावे, कपडे बदलावे आणि दाढी दुसऱ्या दिवशी करावी. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वीच उपटावे, आणि तेही हातमोजे घालून, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, तोंडाला कापड बांधून. ज्याला आधीच वावडी आहे त्याने ते काम दुसऱ्यावर सोपवावे. मेक्सिकोतून १९८४ साली आणलेला भुंगा या गवताची पाने खातो. पावसाळ्यात गवतावर तो दिसला तर मारू नये.

एवढे सगळे पथ्य एका दाढीसाठी कोण पाळील, असे कोणी विचारील. उत्तर असे, की यात वाढीव खर्च जवळजवळ काहीच नाही. झोंबणारी बाटली बंद केली तर पैसे वाचतात. स्वतःचा तुरटीचा खडा स्वस्तात येतो. पाणी फुकट आहे. ज्यांना खरोखर लोशन लागते त्यांच्यासाठी साधे, बिनवासाचे लोशन सुगंधी बाटलीपेक्षा महाग असतेच असे नाही. महाग पडते ती चेहरा बिघडल्यावरची औषधे, तालुक्याच्या गावी मारलेल्या खेपा आणि बुडालेली मजुरी.

घरातल्या माताभगिनींनाही एक विनंती. कोनाडा बहुधा तुम्हीच झाडता. आज संध्याकाळी तिथली ट्यूब आणि तिचे खोके हातात घेऊन पाहा. लाल रेघ दिसली तर घरधन्याला आणि तरुण मुलांना विचारा, ही कोणी लिहून दिली आणि किती दिवस लावायला सांगितली. या दोन प्रश्नांचे नीट उत्तर मिळाले नाही, तर ती ट्यूब घेऊन त्यांना या आठवड्यातच डॉक्टरकडे पाठवा.